येत्या सोमवारी

संपातल्या पत्रकांवर तारीख नसायची. वार असायचा, वेळ असायची, कुठल्या गेटवर जमायचं ते असायचं. ‘येत्या सोमवारी सकाळी सात वाजता मोठ्या गेटवर.’ कुठला सोमवार? अहो, येता सोमवार! ज्याच्या हातात कागद पडला त्याला ते ठाऊकच होतं. आणि वर्ष कशाला घालायचं? जे भांडण पुढच्या आठवड्यात मिटणार आहे, त्याच्या कागदावर वर्ष कोण घालतं?

लिहिणाऱ्याचं नावही नसायचं. नाव घातलं की दुसऱ्या दिवशी पोलीस चाळीच्या जिन्यात. खाली फक्त ‘आपली गिरणी समिती’.

हे मला माहीत आहे, कारण आमच्या गिरणीची पत्रकं माझे बाबा लिहायचे. ते साचेखात्यात होते. साचा म्हणजे माग. गिरणगावात माग कोणी म्हणत नसे. गावी सातवीपर्यंत शिकलेले आणि अक्षर बरं, एवढ्या भांडवलावर समितीने त्यांना लिहायला बसवलं. लिहिलेला कागद घेऊन ते लालबागहून गिरगावात फणसवाडीला चालत जायचे. तिथे एक छापखाना होता. मालकाला संपवाल्यांबद्दल माया होती, पण फुकट कागद देण्याची ऐपत नव्हती. म्हणून तो दुसऱ्या कामातले बाद ताव द्यायचा. एका बाजूला कोणाच्या तरी लग्नाची फिसकटलेली पत्रिका, नाहीतर औषधाची जाहिरात. दुसऱ्या कोऱ्या बाजूवर संप.

संप सुरू झाला तेव्हा मी पाळण्यात होते. पुढे कळती झाले तरी आमच्या खोलीत संपाबद्दल कोणी बोलत नसे. मी पत्रकं लिहायला शिकले ती घरात नाही, रस्त्यावर. गिरण्यांच्या जमिनी विकल्या जायला लागल्या, चिमण्या पाडून तिथे काचेच्या इमारती उभ्या राहायला लागल्या, आणि गिरणी कामगारांना त्याच जमिनीवर घरं द्या म्हणून आम्ही पोरंपोरी गेटागेटांवर उभे राहिलो तेव्हा शिकले. एका कागदात एकच मागणी. मोठा टाइप. आणि वाक्य असं की गॅलरीत उभं राहून मोठ्याने वाचलं तर वाचणाऱ्याला दम लागू नये. मालकांना चोर म्हणायचं असेल तर चोरच म्हणायचं, ‘संबंधित घटक’ म्हणायचं नाही.

पोटासाठी मी दक्षिण मुंबईतल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात कंत्राटी साहाय्यक होते. ‘कंत्राटी’ हा शब्दही मालकांचाच, तो इथे शिक्षणाच्या घरात राहायला आला होता. असो. त्यावर वेगळं पत्रक होईल.

मी तिथे असतानाच माझे काका वारले. काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ, तेही साचेखात्यातलेच. संपात नोकरी गेली आणि ते मालवणकडच्या आमच्या गावी परतले. मग आयुष्यभर चिऱ्याच्या खाणीवर दगड काढत राहिले. बाबा बाराव्याला जाऊन आले. बोलणं त्यांचं मुळात कमीच, छातीत कापसाची धूळ बसलेली, चार वाक्यं बोलली की खोकला. आल्या दिवशीच त्यांनी स्टुलावर चढून माळ्यावरून जुन्या कॅलेंडरांचे पुठ्ठे काढले. प्रत्येक पुठ्ठ्यावर एकेक पत्रक खळीने चिकटवलेलं. त्यातला एक पुठ्ठा त्यांनी माझ्या मांडीवर ठेवला.

“गो, तुमच्या लायब्रीत संपातले पेपर आसत काय?”

“सगळे आहेत. खंड बांधून ठेवलेत.”

“मगे एक काम कर. ह्या खरा होता काय, तेवढा बघ.”

मी वाचलं. मालक नमले आहेत, येत्या सोमवारी मंत्रालयात अखेरची बोलणी आहेत, त्या दिवशी जो आत पाय टाकील तो आपल्या हाताने आपला घास घालवील. शेवटी मोठ्या टायपात: बंधूंनो, एवढा सोमवार थांबा.

चांगलं पत्रक होतं. एक मागणी, दम न लागणारी वाक्यं. मी असंच लिहिलं असतं.

“बोलणी आहेत हे तुम्हाला कोणी सांगितलं होतं?”

“वरसून इला होता.”

“वरून म्हणजे कोणाकडून, बाबा?”

“जिन्यात एक माणूस इलो. म्हणालो, वरसून निरोप आसा, सोमवारी मिटता, कागद काढा. मिया काढलंय.”

आई मोरीत बांगडे साफ करत होती. तिथूनच म्हणाली, “आता ह्या उकरून काय गावतला? गेलेलो माणूस उठान बसतलो?”

बाबांना हे का उकरायचं होतं, त्याचं उत्तर मला मागाहून आईनेच दिलं, तुकड्यातुकड्यांनी. त्या सोमवारी गिरणीने दरवाजा उघडला होता. आज आत येईल त्याचा साचा त्याला, येणार नाही त्याचं नाव कायमचं कमी, अशी मालकाची नोटीस होती. काका जायला निघाले होते. संपाने त्यांचा जीव मेटाकुटीला आला होता, लग्न ठरत होतं. आईने डबाही भरला होता. काकांना वाचण्याचा कंटाळा, अक्षर लावत बसावं लागायचं. म्हणून बाबांनी आपलंच पत्रक त्यांना उभ्या उभ्या मोठ्याने वाचून दाखवलं. काकांनी डबा खाली ठेवला. म्हणाले, “दादा, तू म्हणतस म्हणजे खराच.”

“मगे डबो तसोच रवलो,” आई म्हणाली. “दुपारी सगळ्यांनी मिळान खाल्लो.”

आणि बाराव्याला काकीने बाबांना पान वाढताना सांगितलं, शेवटच्या दुखण्यातही ते म्हणत होते, दादा खोटा लिवचो नाय. काकीने हे चांगल्या मनाने सांगितलं. तिला वाटलं, भावोजींना बरं वाटेल.

म्हणून बाबांना आता जाणून घ्यायचं होतं. संप योग्य होता की नाही, हे नाही. ते त्यांनी कधीच विचारलं नसतं आणि मीही विचारू दिलं नसतं. फक्त एवढंच: त्या सोमवारी बोलणी होती की नव्हती. आपण धाकट्या भावाला थांबवलं ते खऱ्या गोष्टीसाठी की जिन्यातल्या गप्पेसाठी.

सोपं काम. खंड काढायचा, सोमवार उघडायचा. पण कुठला सोमवार? संप दीड वर्षाहून जास्त चालला, आणि तो मागे घेतला असं आजही कोणी म्हटलेलं नाही. बाबांना वर्षही आठवेना. उन्हाळा म्हणायचे, मग म्हणायचे नाय, गणपती जवळ होते. मालकांनी अशा नोटिसा एकदा नाही, पुन्हा पुन्हा काढल्या होत्या, सगळ्या सोमवारच्या. येता सोमवार कधीच येऊन गेला होता आणि तो कुठला होता ते सांगणारं कोणी उरलं नव्हतं.

ह्याच दिवसांत आमच्या ग्रंथालयात माहिती साक्षरतेची उद्दिष्टं ठरवायची बैठक सुरू झाली. विद्यापीठाची तपासणी व्हायची होती. तपासणीला येणारे लोक विचारतात, तुमच्या ग्रंथालयात येऊन विद्यार्थी नेमकं काय शिकतो? ‘पुस्तकं वाचतो’ हे उत्तर चालत नाही. म्हणून ग्रंथपाल मॅडम, शिक्षणशास्त्राचे एक सर आणि टिपणं घ्यायला मी, असे आम्ही तिघं दर शुक्रवारी संदर्भ विभागाच्या मागच्या खोलीत बसायचो.

मी लिहून नेलेलं पहिलंच वाक्य सरांनी कापलं.

“‘विद्यार्थ्याला माहितीचं महत्त्व समजेल.’ समजेल काढा. समजलं की नाही हे कोणी पाहिलंय? ‘ओळखेल’ करा. ओळखलं की टिक करता येते.”

“बरोबर आहे सर,” मॅडम म्हणाल्या. “आमच्या घरी मला अजून कोणी समजून घेतलेलं नाही, पण ओळखतात मात्र सगळे.”

सर मनापासून हसले. माणूस वाईट नव्हता. त्यांचं म्हणणं एवढंच, की जे मोजता येत नाही ते लिहू नका, नाहीतर तपासणीवाले फाडून खातील. विद्यार्थी तालिका, म्हणजे कॅटलॉग, वापरून पुस्तक शोधेल, हे मोजता येतं. घेतलेल्या मजकुराचं श्रेय देईल, हेही येतं. गाडी अडली ती ‘माहितीचा स्रोत पारखेल’ यावर.

“पारखेल म्हणजे काय करेल?” सरांनी मला विचारलं. “तुम्ही चळवळीतल्या. सांगा.”

“चार प्रश्न विचारेल,” मी म्हटलं. “कोणी लिहिलं. केव्हा लिहिलं. लिहिणाऱ्याला ते कुठून कळलं. आणि तेच दुसरीकडे कुठे सापडतं का.”

“वा! घ्या लिहून. ह्याच्या तर चार टिका होतात.”

मी लिहून घेतलं. हे प्रश्न मला सुचले नव्हते, ते माझ्या पिशवीत होते, कॅलेंडरच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेले. त्या आठवड्यात मी घरी रोज तेच विचारत होते.

बैठक संपल्यावर मी पुठ्ठा मॅडमना दाखवला. सगळी पत्रकं ग्रंथालयाला द्यायची बाबांची तयारी होती. कोणाला उपयोग झाला तर झाला. मॅडमनी पुठ्ठे हातात धरून नीट पाहिले. त्यांचं बालपण दादरचं. संपात त्यांच्या वर्गातल्या काही मुली अचानक शाळेत यायच्या बंद झाल्या होत्या, एवढी त्यांची आठवण.

“घेऊ की,” त्या म्हणाल्या. “पण नोंद कशी करायची? लेखक अज्ञात, तारीख नाही. उद्या कोणी विद्यार्थी हे वापरायला लागला तर आपल्याच उद्दिष्टाप्रमाणे त्याने हे बाजूला ठेवायला हवं. कळतंय ना?”

कळत होतं. राग आला आणि कळतही होतं. मालकांची नोटीस पेपरात जाहिरात म्हणून छापून आलेली, तिला तारीख आहे, कंपनीचं नाव आहे, पत्ता आहे. ती पुरावा. आणि ज्यांच्या पोटावर ती नोटीस मारली, त्यांचा कागद म्हणजे कोणाचा तरी, केव्हाचा तरी. घाबरलेल्या माणसाने नाव घातलं नाही, हा त्याचा दोष. हे भांडण मी मॅडमशी करणार होते, पण त्यांनी तोवर पुठ्ठे पत्रकं सोडवायला बाइंडरकडे पाठवले होते.

ग्रंथालयाचा बाइंडर परळचाच, आमच्याहून जुन्या चाळीतला. त्याने नखाने कडा खरवडून पाहिली. “घरची खळ नाय ही. गिरणीतली. सुताला लावायची ती. गिरणी गेली, पण ही बया हटत नाय बघ.” मग त्याने टिपकागद ओले करून पत्रकांवर पसरले, वर काच ठेवली आणि म्हणाला, “उद्या ये. घाई केलीस तर अक्षरं माझ्या हातात येतील.”

दुसऱ्या दिवशी सगळी पत्रकं सुटली होती. त्याने ‘एवढा सोमवार थांबा’ उलटं करून माझ्यासमोर ठेवलं. मागे एका नाटकाचा जाहिरात-कागद होता, शाई फासून बाद झालेला. आमच्याच गावच्या ग्रामस्थ मंडळाचं नाटक, गावातल्या शाळेच्या छपराच्या मदतीसाठी, परळच्या एका सभागृहात. तालमी करणारे सगळे गिरणीवाले. फणसवाडीचा छापखाना मंडळाला बाबांनीच दाखवला असणार. त्या कागदावर मात्र सगळं होतं. तिथी, वार, तारीख, महिना, वर्ष, पडदा किती वाजता उघडणार ते. हा कागद गावीही पाठवायचा होता ना. गावाला सगळं नीट कळवावं लागतं.

आणि पात्रयादीत, हवालदाराच्या समोर, काकांचं नाव होतं.

बाइंडरला काही माहीत नव्हतं. तो म्हणाला, “काय गं, बस जरा.” मी बसले.

संध्याकाळी मी बाबांना विचारलं, काकांनी ते नाटक केलं का? नाटकाची आठवण त्यांच्या मनातून पार पुसली गेली होती आणि आता ती येताना दिसत होती.

“नाय,” ते म्हणाले. “प्रयोगाच्या आदीच तो गावाक गेलो. त्या सोमवारानंतर रवलोच नाय. हवालदार दुसऱ्या कोणी केल्यान.”

मग प्रश्नच उरला नाही. पत्रक छापलं ते नाटकाचा कागद छापल्यावर, म्हणजे नाटकाच्या आधीच्या चार-पाच आठवड्यांतला, आणि ज्या दिवशी आमच्या गिरणीचा दरवाजा उघडला, असा सोमवार शोधायचा. मालकाची जाहिरात दोन मराठी पेपरांत मिळाली. सोमवार एकच निघाला. तारीख मी इथे देत नाही. ती आता ग्रंथालयाच्या तालिकेत आहे, ज्याला हवी त्याने तिथे जाऊन बघावी.

मी त्या आठवड्याचे सगळे पेपर वाचले. संपाच्या काळात पेपर कोणाचे होते हे मला कोणी शिकवू नये. मोर्चा निघाला की वाहतुकीला झालेला त्रास छापणारे ते पेपर. त्यामुळे पहिल्या पेपरात बोलण्यांचा उल्लेख नव्हता तेव्हा मला काही वाटलं नाही. मालकांचा पेपर, तो कशाला छापेल? दुसऱ्यात नव्हता. तिसऱ्यात त्या सोमवारी कामगारमंत्री कुठे होते ते होतं: लांबच्या एका जिल्ह्यात, पुलाच्या उद्घाटनाला, फोटोसकट. तरी मी म्हटलं, मंत्र्याच्या माघारी अधिकारी बोलले असतील. मग मी आपल्या बाजूचं साप्ताहिक काढलं. संपवाल्यांचं, ज्याच्यावर बाबांची श्रद्धा होती. त्याचे अंक पातळ, पिवळे, कडेने चुरा होणारे. त्या आठवड्याच्या अंकात बोलण्यांबद्दल एक अक्षर नव्हतं. उलट पहिल्याच पानावर लिहिलं होतं की लढा अजून लांबेल, ज्यांना गावी जाता येईल त्यांनी जावं, म्हणजे इथलं धान्य पुरेल.

म्हणजे वर ठाऊक होतं. वर बसलेल्यांनी गावी जा असं छापलं होतं, त्याच आठवड्यात जिन्यात निरोप आला होता की सोमवारी मिटतंय. हा निरोप कोणी दिला? त्या माणसाने मुद्दाम खोटं सांगितलं, की त्यालाही कोणी असंच जिन्यात सांगितलं होतं आणि त्याने आशेने पुढे ढकललं? हे कुठल्याच खंडात नाही. मी शोधलं. मालकांना शिव्या घालून माझा घसा तयार झालेला आहे, त्यांच्यावर मी झोपेतसुद्धा पत्रक लिहीन. पण ह्या ‘वरून आलंय’ला कुठल्या गेटवर जाऊन शिव्या घालायच्या? त्याला गेटच नाही.

रविवारी दुपारी बाबा गॅलरीत स्टूल टाकून बसले होते. समोर जिथे गिरणीची भिंत होती तिथे आता निळ्या पत्र्यांचं कुंपण होतं आणि आत क्रेन. मी खाली त्यांच्या पायाशी बसले. कसं सांगायचं याची वाक्यं मी करून आले होते, मऊ मऊ. ती एकही तोंडातून आली नाही.

“नव्हती बाबा बोलणी.”

“पेपरवाले खोटे लिवीत.”

“मंत्री मुंबईत नव्हते त्या दिवशी.”

“आणि आपल्या पेपरात?”

“आपल्या पेपरातही नाही. त्यात लिहिलंय, लढा लांबेल, गावी जा.”

त्यांना खोकला आला. तो थांबेपर्यंत मी त्यांची पाठ चोळली. शर्टाखाली सगळी हाडं.

“तुम्हाला फसवलं हो,” मी म्हटलं. “तुमची काय चूक?”

“त्या कागदावर तारीख घाल,” ते म्हणाले. “आणि नाव घाल.”

“नाव कशाला? कोणाच्याच पत्रकावर नाव नाही. समितीचं होतं ते.”

“माका सांगलान कोणी, ता माका म्हायत नाय. पण लिवलंय मिया. अज्ञात नको. अज्ञात म्हणजे कोण? घाल माझा नाव.”

आई दारात उभी होती. मला वाटलं ती त्यांना रागावेल, म्हणेल आता पुरे. ती आत गेली आणि चहा टाकला.

मी नाव घातलं. तालिकेत आमच्या आडनावाखाली ते एकच नोंदलेलं आहे. इतर पत्रकं अज्ञात, दिनांक नाही. हे एक: लेखक आहे, दिनांक आहे, मुद्रणस्थळ फणसवाडी, गिरगाव. आमच्या उद्दिष्टाच्या चार प्रश्नांपैकी दोनांची उत्तरं त्यात चोख आहेत. उरलेल्या दोनांचीही आहेत. लिहिणाऱ्याला कुठून कळलं? जिन्यातून. दुसरीकडे सापडतं का? नाही.

उद्दिष्टं मंजूर व्हायच्या शेवटच्या बैठकीत मी आणखी एक मांडलं. लिहिणाऱ्याला त्या दिवशी काय माहीत होतं आणि काय माहीत असणं शक्यच नव्हतं, हे विद्यार्थी विचारेल.

सरांनी चष्मा काढला. “विचारेल. मान्य. पण उत्तर बरोबर की चूक हे तुम्ही कशावरून ठरवणार?”

“उत्तर नसेल कदाचित. विचारलं तर पाहिजे.”

“अहो, मग टिक कुठे करू? मनात विचारलं असेल तर?”

मी वाद घातला. माझा आवाज चढला, गेटवर चढतो तसा. त्या लहान खोलीत तो फारच मोठा वाटला. सर ओशाळले, त्यांना कळेना की एका वाक्यावरून ही मुलगी रडकुंडीला का आली. मॅडमना कळलं असावं. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “पुढच्या वर्षी घेऊ. तू लिहून ठेव.” कंत्राटी माणसाला पुढचं वर्ष दाखवू नये. पण त्या चांगल्या होत्या, म्हणून लिहून ठेवलं.

जूनमध्ये एमएच्या पहिल्या वर्षाची मुलं आली आणि मॅडमनी पहिलाच तास घेतला. सरावासाठी त्यांनी बाबांचं पत्रक निवडलं. मला आधी विचारलं होतं, मी बाबांना विचारलं होतं, आणि बाबा म्हणाले होते, दी. मुलांना त्याची झेरॉक्स दिली, सोबत मालकाच्या जाहिरातीची, मंत्र्याच्या फोटोची आणि साप्ताहिकाच्या पहिल्या पानाची. हे पत्रक कोणाच्या घरातलं आहे ते मॅडमनी सांगितलं नाही. मी मागे कपाटाला टेकून उभी होते.

मुलं हुशार होती. हे मी टोमण्याने लिहीत नाही, खरंच होती. गटागटाने बसून भराभर कागद जुळवले. एक मुलगा म्हणाला, “हे म्हणजे ते एसएमएस येतात ना मॅम, दहा जणांना पाठवा नाहीतर वाईट होईल, तसलं आहे,” आणि वर्ग हसला. मग चष्मा लावलेली एक मुलगी उठून नीट बोलली. लेखक घटनेत स्वतः गुंतलेला आहे. बातमी कुठून मिळाली ते त्याने दिलेलं नाही. त्याच्या स्वतःच्या संघटनेचं साप्ताहिकही त्याला दुजोरा देत नाही. म्हणून ह्या कागदावर विश्वास ठेवू नये.

“शाब्बास,” मॅडम म्हणाल्या, आणि माझ्याकडे न बघता फळ्याकडे वळल्या.

मुलीचं बरोबर होतं. तिने चारही प्रश्न विचारले होते, मी लिहिलेले. उद्दिष्टांच्या तक्त्यावर तिच्या नावापुढे टिका करायचं काम माझं होतं. मी केल्या.

घरी आले तेव्हा बाबा जागेच होते, एरवी त्या वेळी डोळा लागलेला असतो. आई पोळ्या लाटत होती.

“काय म्हणाली पोरा?”

त्यांना खोटं सांगणं सोपं होतं. पण खोटं नको म्हणूनच तर हे सगळं केलं होतं.

“म्हणाली, ह्याच्यावर विश्वास ठेवू नये.”

“बरोबर म्हणाली,” बाबा म्हणाले. आणि मग, “दुसऱ्या कागदांशी ताडून बघितल्यानी काय?”

“हो. सगळे पेपर दिले होते आम्ही. सगळे ताडून बघितले.”

त्यांनी मान हलवली.

“तसाच करूक व्हया,” ते म्हणाले. “तुझ्या काकाक ताडून बघूक काय होता गो? त्येका इचारूक एकटो मियाच होतंय.”